दोन लाखांची दुर्बीण, पण नेम कशावर?

ऑगस्ट संपत आला की इथे अमिरातीतल्या मराठी मंडळींत दोन विषय निघतात. गणपतीला गावी कोण चाललंय आणि तिकीट कितीला पडलं, हा पहिला. दुसरा अबू धाबीच्या शिकार आणि घोडेस्वारी प्रदर्शनाचा, म्हणजे 'अॅडिहेक्स'चा. 2003 पासून भरणारं हे प्रदर्शन मुळात ससाणे, घोडे, उंट आणि वाळवंटातल्या राहुट्यांचं. पण तिथे रायफली असतात आणि रायफलीवर बसवायच्या महागड्या दुर्बिणीही असतात. कुणीतरी फोटो काढतो, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो आणि गावाकडून निरोप येतो, "काका, येताना तेवढी एक दुर्बीण आणा की!"

शारजात इतकी वर्षं काढल्यावर सोनं, अत्तर, खजूर, मोबाइल या फर्माइशींची सवय झाली आहे. रायफलच्या स्कोपची मागणी मात्र अलीकडची. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवल्यापासून ती जास्त ऐकू येते. म्हणून या आठवड्यात हाच विषय घेतला.

आधी वस्तू समजून घेऊ. श्मिट अँड बेंडर, झाइस, स्वारोव्स्की, नाइटफोर्स अशा नावांचे वरच्या दर्जाचे स्कोप अडीच हजार डॉलरच्या आसपास सुरू होतात आणि बरेच वर जातात. अडीच हजार डॉलर म्हणजे सुमारे 9,180 दिरहम. रुपयांत दोन लाखांच्या वर. हे पैसे मोठं दिसण्यासाठी द्यायचे नसतात, हे दुकानात पटकन लक्षात येत नाही. पैसे जातात ते भिंगांच्या दर्जासाठी, संधिप्रकाशात स्वच्छ दिसण्यासाठी आणि फिरवलेली चकती प्रत्येक वेळी अचूक जागी परत येण्यासाठी. मिलरेडियनच्या स्कोपवर सहसा एक क्लिक म्हणजे 0.1 मिल. 100 मीटरवर ती गोळी 1 सेंटिमीटर सरकवते, 500 मीटरवर 5 सेंटिमीटर. स्वस्त स्कोपमध्ये पुढे दहा क्लिक आणि मागे दहा क्लिक फिरवले की नेम मूळ जागी येईलच याची खात्री नसते. महागात ती खात्री विकत घेतलेली असते.

आता 'जास्त झूम म्हणजे जास्त चांगलं' हा समज. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले झूम, एवढ्या रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यापर्यंत पोहोचतो. 56 मिलिमीटरचं भिंग 8 पटीवर ठेवलं तर 7 मिलिमीटर, 25 पटीवर नेलं तर जेमतेम सव्वादोन. म्हणजे अंधारात झूम वाढवला की चित्र काळवंडतं. शिवाय आमच्याकडे सकाळी नऊनंतर तापलेल्या वाळूवर हवा अशी उकळते की 25 पटीत लक्ष्य पाण्यात बुडाल्यासारखं हलतं. आणि लांबच्या नेमात खरा खेळ वाऱ्याचा असतो. स्कोप कितीही महाग असला तरी वारा किती आहे हे माणसालाच ओळखावं लागतं.

एवढं कळल्यावर खरा प्रश्न उरतो: हे घेऊन करायचं काय? मागणी करणारे साधारण तीन प्रकारचे असतात. तिघांचं उत्तर वेगळं आहे.

पहिला इथलाच, शौकीन. त्याने लक्षात ठेवावं की अमिरातीत बंदुकीने शिकार हा प्रकार आपल्यासारख्यांसाठी नाही. वन्यप्राण्यांची शिकार कायद्याने बंद आहे. परंपरा आहे ती ससाण्याची. 2010 मध्ये युनेस्कोने अमिरातीसह अनेक देशांची ससाणा-परंपरा आपल्या यादीत घेतली. शस्त्राच्या बाबतीत 2019 चा संघीय कायदा क्रमांक 17 कडक आहे. परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बाळगणं, आणणं, विकणं, सगळंच गुन्हा. नेमबाजीची हौस असेल तर शारजाचा गोल्फ अँड शूटिंग क्लब आहे. रेंजवर त्यांचीच बंदूक, त्यांचाच प्रशिक्षक. तासाभराची मजा करा आणि घरी या. त्यासाठी स्वतःचा स्कोप लागत नाही.

दुसरा गावाकडचा काका. त्याच्याकडे शेतरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे आणि रानडुकरांनी भुईमूग, ऊस उकरून ठेवलाय. त्याचं दुःख खरं आहे, शहरात बसून त्याला हसू नये. पण शेतरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार बंद आहे. उपद्रवी प्राणी मारायचा तर वन विभागाची परवानगी लागते. अनुसूची एकमधल्या प्राण्याची शिकार केली, तर 2022 च्या दुरुस्तीनंतर तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. गवा त्याच अनुसूचीत येतो, बिबट्याही. अंधारात झुडपामागे हललं ते डुक्कर होतं की गव्याचं पाडस, याची जबाबदारी ट्रिगर दाबणाऱ्यावर असते. स्कोप विकणाऱ्यावर नसते.

यावर काका म्हणेल, "बिबट्या पोरं उचलतोय, तेव्हा कायदा कुठं असतो?" नोव्हेंबर 2025 मधलं शिरूर तालुक्यातलं पिंपरखेड आठवा. तीन बळी गेले, लोक रस्त्यावर उतरले. तिथेही आधी भूल देण्याचा प्रयत्न झाला, तो फसल्यावर वन विभागाच्या पथकाने गोळी चालवली. गोळी घालायची की नाही, कुणी आणि कधी, हे सरकारने लेखी ठरवलं होतं. सरकार उशीर करतं म्हणून जरूर भांडा. भरपाई वेळेवर मिळावी, कुंपणाला अनुदान मिळावं, पिंजरे वाढावेत, पथक लवकर यावं, यासाठी भांडा. त्या भांडणात दोन लाखांची दुर्बीण मात्र काही कामाची नाही.

तिसरा पुतण्या किंवा भाची, नेमबाजी शिकणारी. या मुलांसाठी पैसे पाठवताना आपला हात आखडता नसतो, म्हणूनच हे नीट सांगायला हवं. स्वप्नीलने 1 ऑगस्ट 2024 रोजी 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांवर पदक घेतलं, तेव्हा त्याच्या रायफलवर स्कोप नव्हता. ऑलिम्पिकच्या सध्याच्या रायफल प्रकारांत रायफलवर दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक छिद्राची साइट, पुढे गोल कडं, बस्स. 50 मीटरवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढं. 10 मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. ते बिनदुर्बिणीचं टिपायचं. थ्री पोझिशनमध्ये तर गुडघ्यावर, पालथं आणि उभं, तिन्ही प्रकारे.

मग या मुलांना लागतं काय? मापाचं जाकीट आणि पँट, बूट, चांगल्या प्रतीच्या गोळ्या, रेंजवरचा वेळ आणि प्रशिक्षक. स्वप्नील नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, मध्य रेल्वेत टीसी म्हणून नोकरी करत खेळला. त्याआधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं होतं. ही पदकं तालमीसारख्या रोजच्या सरावातून आली. परदेशातून आलेल्या एखाद्या भेटवस्तूने ती मिळालेली नाहीत.

मला इथे राधानगरी तालुका फार बोलका वाटतो. स्वप्नीलचं कांबळवाडी याच तालुक्यातलं. कोल्हापूर संस्थानच्या काळात दाजीपूरचं रान राजघराण्याच्या शिकारीचं होतं. 1958 मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. जिथे रायफल म्हणजे शिकार होती, तिथल्याच पोराने रायफल कागदी वर्तुळावर रोखून देशाला पदक दिलं. दोन्हींमध्ये नेम तोच आहे, बदललंय ते लक्ष्य.

शेवटी सामानाचं. "बॅगेत टाकून आणा, कोण बघतंय?" असं गावाकडून सहज म्हटलं जातं. एक्स-रेवाला बघतो. बंदुकीवर बसवायची वस्तू दिसली की बॅग उघडते, प्रश्न सुरू होतात आणि फ्लाइट तुमच्यासाठी थांबत नाही. दोन लाखांची वस्तू ड्यूटी फ्री मर्यादेत बसत नाही हे वेगळंच. अमेरिकी बनावटीचा स्कोप असेल तर अमेरिकेचे निर्यात नियम तो दुसऱ्या देशात नेतानाही लागू असतात. रात्री दिसणाऱ्या किंवा थर्मल दुर्बिणीचा तर विचारही नको. इथला रहिवासी परवाना म्हणजे आपलं पोट आहे, ते एका फर्माइशीसाठी पणाला लावू नये. ज्याच्याकडे परवान्याची रायफल आणि खरं काम आहे, त्याने भारतात अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह घ्यावं, आणि इथून नेणारच असाल तर विमान कंपनी आणि दोन्हीकडच्या कस्टम्सचं उत्तर आधी लेखी हातात घ्यावं.

तेव्हा यंदा ग्रुपवर मागणी आली तर सरळ विचारा, "नेम कशावर धरायचाय?" रान असेल तर नाही म्हणा, वाईटपणा आला तरी चालेल. कागदावरचं वर्तुळ असेल, तर पोराच्या जाकिटाचं माप मागवा आणि त्याच्या रेंजची सहा महिन्यांची फी भरून टाका.