फलकावरचं फिनेल
या आठवड्यात कॅम्पातल्या एका चर्चच्या सूचनाफलकापाशी रेंगाळलो. उपासनेच्या वेळांशेजारी महिन्याचा जमाखर्च टाचणीने लावलेला: दानार्पण, विजेचं बिल, फिनेल, पंख्याची दुरुस्ती, एका आजारी सभासदाला औषधांसाठी मदत (नाव दिलेलं नाही, हे विशेष). खाली पाळकांची नव्हे, खजिनदाराची आणि मंडळीतल्या दोघांची सही. पुण्यात पाटी वाचायची ती अपमानाची तयारी ठेवूनच. या पाटीने चक्क माझा मान राखला. प्रवचन गाजवणारे पाळक पुष्कळ मिळतात, पण पाळकाची पारख तो दानपेटीपासून किती लांब उभा राहतो यावरूनच करावी. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. संसाराची तोंडमिळवणी अर्थातच पत्नी लक्ष्मीबाईंकडे! एवढा त्याग आजच्या पाळकाकडून कुणी मागू नये. त्याला पुरेसा पगार वेळेवर द्या, आणि मंडळीचा हिशेब मात्र दर महिन्याला हक्काने मागा. आमच्या गणपती मंडळांनाही हेच सांगायचंय, पण ते पुढच्या आठवड्यात.