सॉफ्टवेअर नंतर, आधी अक्षरांची भाषा

डिझाइनचा छोटा व्यवसाय सुरू करायचा म्हटलं की बरेच जण आधी लॅपटॉप घेतात आणि सॉफ्टवेअरचा कोर्स लावतात. माझं स्पष्ट मत आहे, त्याआधी अक्षरांबद्दलचे पाच-सहा शब्द पक्के करा. गिऱ्हाईक नुसतं "जरा उठावदार करा" म्हणतं. ते मापात बसवायचं काम तुमचं.

टाइपफेस म्हणजे अक्षरांचं अख्खं घराणं. त्यातला बारीक, जाड, तिरका असा एकेक सभासद म्हणजे फॉन्ट. बोलताना दोन्हीला फॉन्टच म्हणतात, चालतं. फक्त त्याचं लायसन्स बघा. 'मुक्ता' किंवा 'बलू' व्यावसायिक कामाला मोफत वापरता येतात. कुठूनतरी उचललेला फॉन्ट गिऱ्हाइकाच्या लोगोत घालू नका.

आता मापं. 72 पॉइंट म्हणजे 1 इंच. पण देवनागरी त्याच पॉइंटमध्ये इंग्रजीपेक्षा अनेकदा लहान दिसते, कारण वरची वेलांटी, रफार आणि खालचे उकार त्याच उंचीत बसवावे लागतात. लीडिंग म्हणजे ओळींमधलं अंतर. खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालत, त्यावरून हे नाव पडलं. इंग्रजीला पुरतं तेवढं लीडिंग मराठीला ठेवलंत, तर वरचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ट्रॅकिंगचा. दोनच अक्षरांमधलं अंतर जुळवणं म्हणजे कर्निंग. सगळ्या मजकुराचं अंतर एकदम कमी-जास्त करणं म्हणजे ट्रॅकिंग. इंग्रजी व्हिडिओत सांगतात, अक्षरं पसरवा, ब्रँड महाग वाटतो. इंग्रजीत वाटतही असेल! मराठीत मात्र शिरोरेखा तुटते आणि 'लोणचं'चं 'लो ण चं' होतं. समजा, अशी 5,000 लेबलं छापून आली. गिऱ्हाईक पैसे अडवणारच, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

अजून एक शब्द, ग्लिफ. म्हणजे अक्षराचं प्रत्यक्ष दिसणारं रूप. आपला 'र' एकच, पण 'धर्म', 'प्रेम', 'ट्रक', 'वाऱ्या' यांत त्याची रूपं वेगळी. केटरिंगवाल्याच्या बोर्डावर 'आचाऱ्यांना'ऐवजी 'आचार्यांना' लागलं, तर स्वयंपाकाला थेट गुरुजीच यायचे! फॉन्ट निवडताना 'ऱ्य' टाइप करून बघाच.

हे शब्द गिऱ्हाइकासमोर फेकू नका, त्याला नमुना छापून हातात द्या. प्रिंटरला मात्र आकड्यांत सांगा: मजकूर 10 पॉइंट, लीडिंग 16, ट्रॅकिंग शून्य. आणि फाइल पाठवण्याआधी अक्षरं कर्व्हमध्ये बदला, नाहीतर त्याच्याकडे तुमचा फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. गिऱ्हाइकाला फोन नंबर बदलायचा असतो तो नेमका शेवटच्या दिवशी.