विश्लेषण : पेशवे दफ्तरातले कोट्यवधी मोडी कागद वाचणार कोण?

मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा राज्यभर एक अडचण पुढे आली. जुने कागद सापडत होते, पण मोडी वाचणारे मोजकेच होते. पुण्याच्या पुराभिलेखागारापुढे, म्हणजेच ‘पेशवे दफ्तरा’पुढे, हा प्रश्न जुनाच आहे.

पेशवे दफ्तर म्हणजे काय?

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि तिचे सरकारी कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. इनाम आणि वतनांचे दावे तपासायला हे कागद लागत. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनच्या चौकशीत वतनदारांकडचे कागदही जमा झाले. १८९१ पासून हा साठा पुण्यातील ‘एलियनेशन ऑफिस’च्या इमारतीत आहे. आज तिथे कोट्यवधी कागद ‘रुमालां’त, म्हणजे कापडी गाठोड्यांत बांधलेले आहेत.

त्यात पुण्याविषयी काय सापडते?

लढाया आणि तह आहेतच. पण शहराचा रोजचा व्यवहारही आहे. पेशव्यांच्या ‘रोजकीर्दी’त, म्हणजे दैनंदिन नोंदवहीत, जमाखर्च आणि हुकूम आढळतात. पुण्याचा कोतवाल केवळ चोर पकडत नसे. बाजारातील वजन-मापे, घर-जागेचे व्यवहार, रस्त्यांची साफसफाई, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ही कामेही त्याच्याकडे असत. पेठा कशा वसल्या, कर कोणाला माफ झाला, तंटे कसे मिटले, हे अशा कागदांतून कळते.

मग ते वाचलेले का नाहीत?

हे दफ्तर अभ्यासकांना बराच काळ सहज खुले नव्हते. इंग्रजांना त्यातून राजकीय आणि महसुली वाद उकरले जाण्याची धास्ती होती. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. काम प्रचंड होते, तरी एकूण साठ्याच्या मानाने ही निवड लहानच. त्यातही भर राजकीय पत्रव्यवहारावर होता.

मोडी वाचणे इतके अवघड का?

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. हात न उचलता लिहिल्याने प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे. त्यात संक्षेप आणि फारसी शब्दांची भर. तारखाही आजच्या नाहीत. शुहूर सन मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होतो आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवल्यावर इसवी सन निघतो. म्हणजे शुहूर ११६१ हे १७६०-६१, पानिपताचे वर्ष. हा हिशेब चुकला तर घटनेचे वर्षच बदलते.

कुणबी नोंदींशी संबंध काय?

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. हा शोध मुख्यतः महसूल, जन्म-मृत्यू आणि शाळांच्या नोंदवह्यांत झाला, पेशवे दफ्तरात नव्हे. पण लिपी तीच. ओबीसी दाखल्यासाठी साधारणपणे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तेव्हा पणजोबांच्या नावापुढचा एक मोडी शब्द कसा वाचला जातो, यावर आज एखाद्याचा प्रवेश किंवा नोकरी अवलंबून असते. वाचणारे कमी असले की चुकीच्या वाचनाचा आणि खोट्या नोंदींचा धोका वाढतो.

स्कॅनिंग केले की प्रश्न सुटेल?

अर्धाच. स्कॅनिंगमुळे मूळ कागदाची हाताळणी कमी होते. पण सूची नसेल तर हवा तो कागद सापडत नाही, आणि सापडला तरी वाचावा लागतोच. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, त्यामुळे ती संगणकावर टाइप करता येते. हस्ताक्षर ओळखणारी प्रणाली तयार करायलाही आधी जाणकारांनी अचूक वाचलेली हजारो पाने लागतात.

पुढे काय?

राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि काही संस्था मोडीचे वर्ग घेतात. वर्गातून मुळाक्षरे येतात. जुना कागद अस्खलित वाचायला वर्षांचा सराव लागतो. तो करणाऱ्याला नियमित काम आणि मोबदला मिळाला नाही, तर शिकलेली माणसे टिकणार नाहीत. समिती नेमली की वाचक शोधायचे आणि काम संपले की विसरायचे, हे थांबायला हवे. इमारत आणि रुमाल दीडशे वर्षे टिकवता येतात. ते वाचणारी माणसे मात्र प्रत्येक पिढीला नव्याने तयार करावी लागतात.