लीगमधून पडू द्या, मरू देऊ नका

१८ एप्रिल २०२१, रविवारची रात्र. युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी जाहीर केलं की आम्ही आमची वेगळी 'सुपर लीग' काढतोय. पंधरा जागा कायमच्या. हरा, जिंका, शेवटचे या, तुमची जागा पक्की.

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री कुणी झोपलं नाही. ग्रुपमध्ये निम्मे अमरावतीचे, निम्मे अकोल्याचे. एरवी मँचेस्टर युनायटेडवाले आणि लिव्हरपूलवाले एकमेकांच्या आयाबहिणींपर्यंत जायचे बाकी असतात. त्या रात्री सगळे एका बाजूला. "हा खेळ गरिबांनी बनवला, श्रीमंतांनी चोरला" वगैरे पोस्टर फिरायला लागले. दोन दिवसांत चेल्सीचे चाहते स्टॅमफर्ड ब्रिजबाहेर रस्त्यावर बसले, पीटर चेक त्यांना समजावायला बाहेर आला आणि मंगळवारी रात्री सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. आम्ही असा जल्लोष केला, जणू राजकमल चौकात मोर्चा आम्हीच काढला होता.

तेवढ्यात अकोल्याच्या एका मित्राचा मेसेज आला. "अन् आपल्या आयएसएलमधून कोन खाली जाते बे?"

कुणीच उत्तर दिलं नाही. मीही नाही. या लेखात ते उशिरानं देतोय.

उत्तर आहे : कुणीच नाही. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये आठ फ्रँचायझी घेऊन इंडियन सुपर लीग सुरू झाली. ज्या बंद दरवाज्याविरुद्ध लंडनचे लोक रस्त्यावर उतरले, तो दरवाजा आपल्याकडे पहिल्या दिवसापासून बंद होता. फरक इतकाच की आपण टाळ्या वाजवल्या, कारण आत देल पिएरो आणि अनेल्का होते.

बाहेर कोण होतं ते बघा. मिझोरमचा आयझॉल एफसी २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून खाली पडला होता. आयएसएललाच वरचं स्थान देण्याच्या महासंघाच्या योजनेला विरोध म्हणून गोव्याच्या क्लबांनी आय-लीग सोडली, त्यामुळे आयझॉलला परत जागा मिळाली. पुढच्याच हंगामात, ३० एप्रिल २०१७ रोजी, शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून आयझॉल भारताचा विजेता झाला. मोहन बागान आणि ईस्ट बंगालला मागे टाकून! प्रशिक्षक होता खालिद जमील, जो पुढे २०२५ मध्ये भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला. आपल्याकडची ही लिस्टर सिटीची गोष्ट. लिस्टर २००८-०९ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या पायरीवर होता आणि २०१५-१६ मध्ये प्रीमियर लीगचा विजेता. पण लिस्टरला चॅम्पियन्स लीग मिळाली, आयझॉलला आयएसएलचं दारही उघडलं नाही. उलट दोन वर्षांनी त्यांची लीगच अधिकृतपणे दुसऱ्या दर्जाची झाली.

यावर आमच्या ग्रुपमधल्या एमबीए झालेल्यांचा एक ठरलेला युक्तिवाद असतो. "अरे, मालक दर वर्षी कोट्यवधी घालतात. खाली पडायची भीती असली तर कोण पैसा लावेल? आधी स्थिरता येऊ दे." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. म्हणून त्या स्थिरतेचा हिशेब मांडू.

एफसी पुणे सिटी पहिल्या आठातला क्लब. २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीत गेला, २०१९ मध्ये बंद झाला. त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. २०२१-२२ ची स्पर्धा जिंकला, मग खेळाडूंचे पगार थकले, आणि २०२५ मध्ये तो क्लब उठून दिल्लीला गेला. दिल्लीचा आधीचा क्लब २०१९ मध्येच ओडिशाला गेला होता. म्हणजे पुणे गेलं, हैदराबाद आलं, हैदराबाद दिल्लीला, दिल्ली ओडिशाला. क्लब म्हणायचे की बदलीवरचे तहसीलदार?

सगळ्यात मोठी स्थिरता तर जुलै २०२५ मध्ये दिसली. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता आणि नवा झाला नव्हता, म्हणून अख्खा हंगामच लांबणीवर टाकला गेला. देशातली सर्वोच्च लीग एका करारावर उभी होती.

माझा मुद्दा इथेच आहे. लीगमधून पडणं आणि क्लब मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युव्हेंटसला २००६ मध्ये दुसऱ्या पायरीवर ढकललं, बुफाँ आणि देल पिएरो तिथेही खेळले, वर्षभरात क्लब परत आला. चाहत्यांनी रडून घेतलं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा मैदान गाठलं. पायऱ्या असल्या की माणूस खालच्या पायरीवर पडतो. पायऱ्याच नसल्या तर दोनच जागा उरतात, गच्ची नाहीतर दरी. आपण पडण्याची भीती काढून टाकली आणि मरण्याची सोय केली.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. हे आपल्या विदर्भानं शिकवलं, फक्त खेळ वेगळा होता.

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. साठ वर्षं अंतिम सामना नाही. मधली कित्येक वर्षं प्लेट गटात, म्हणजे खालच्या पायरीवर. मुंबई-दिल्लीवाले आमचं नाव ऐकून सुट्टीवर आल्यासारखे यायचे. हीच फ्रँचायझी असती तर कुणीतरी पहिल्या पाच वर्षांत म्हणालं असतं, "या मार्केटमध्ये दम नाही," आणि विदर्भाचा संघ सुरतेला नाहीतर लखनौला गेला असता. पण संघ पडू शकत होता, म्हणून जिवंत राहिला. प्लेटमध्ये असणं म्हणजे संपणं नव्हतं. राजस्थाननं तर २०१०-११ मध्ये प्लेटमधून येऊन थेट करंडकच नेला होता.

आणि मग २९ डिसेंबर २०१७. इंदूर. विदर्भाचा पहिला रणजी अंतिम सामना, समोर दिल्ली. उमेश यादव भारतीय संघाच्या दौऱ्यामुळे नव्हता. त्याच्या जागी प्रथम श्रेणीतला पहिलाच सामना खेळायला उतरला अकोल्याचा एकोणीस वर्षांचा आदित्य ठाकरे. त्यानं दिल्लीचा सलामीवीर शून्यावर घालवला. त्याच डावात रजनीश गुरबानीनं हॅटट्रिक घेतली. तो तर आमच्यासारखाच इंजिनिअर, सिव्हिलचा. विदर्भ नऊ गड्यांनी जिंकला.

मॅकेडाचा ॲस्टन व्हिलाविरुद्धचा गोल आम्हाला पाठ आहे. रॅशफर्डचे पदार्पणातले दोन गोल तारखेसकट पाठ आहेत. पण अशी पदार्पणं आकाशातून पडत नाहीत. अकोल्याच्या पोराला अंतिम सामन्यात चेंडू मिळतो, कारण अकोल्यापासून इंदूरपर्यंत कुणीतरी साठ वर्षं पायऱ्या शाबूत ठेवलेल्या असतात. (त्या पायऱ्या नागपुरात जरा जास्तच थांबतात, ही वऱ्हाडाची तक्रार मला मान्य आहे. पण ती पायरीवरची तक्रार आहे. पायरीच नसेल तर तक्रार कुणाकडे करणार?)

आता कुणी म्हणेल, आयपीएलही बंदच आहे की. आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा तिथूनच मोठा झाला ना? झालाच. २७ मे २०२५ ला लखनौमध्ये ३३ चेंडूंत नाबाद ८५ मारल्या, तेव्हा मी ऑफिसचा कॉल म्यूट करून ओरडलो होतो. पण जितेश आयपीएलमध्ये तयार झाला नाही. तो विदर्भाकडून खेळत तयार झाला. आयपीएल हे पक्क्या घरावर बांधलेलं कळस आहे. आयएसएलनं पायाच्या जागी कळस ठेवला आणि वर घर बांधायला निघाली.

न्यायाचं बोलायचं तर कागदावर शिडी आहे. राज्याच्या लीगमधून आय-लीग ३, मग २, मग आय-लीग, मग आयएसएल. २०२३ मध्ये पंजाब, २०२४ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग वर गेले, हे चांगलंच झालं. २०२४-२५ पासून वरून खाली येणंही सुरू होईल असं महासंघानं २०१९ मध्येच ठरवलं होतं. त्या हंगामात मोहम्मेडन शेवटचा आला. पुढे काय झालं? काही नाही. कुणी खाली गेलं नाही. त्याच वर्षी आय-लीगचा विजेता चर्चिल ब्रदर्स की इंटर काशी हे मैदानावर ठरलंच नाही. एका अपात्र खेळाडूच्या वादातून प्रकरण स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादात गेलं आणि जुलैमध्ये इंटर काशीला विजेता ठरवलं गेलं. ज्या लीगचा शेवटचा गुण वकील मिळवतो, तिच्यावर चौदा वर्षांच्या पोरानं का विश्वास ठेवावा?

चौदा वर्षांचं पोर उगाच आणलं नाही. तो मेसेज पाठवणारा माझा मित्र कॉलेजात लेफ्ट बॅक होता, आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत गेला होता. आता विम्याचं काम करतो आणि रविवारी सकाळी अकोल्यात वीसेक पोरांना खेळवतो. मागच्या दिवाळीत मी गेलो होतो. त्यातल्या सगळ्यात चपळ पोरानं त्याला माझ्यासमोरच विचारलं, "सर, याच्या पुढं काय असते?" मित्र बूट बांधत राहिला. परतताना म्हणाला, "पडाले हरकत नाई बे. पन पडाले पायरी त पायजे."

त्या पोराला मेस्सी भेटायची गरज नाही. त्याला अकोला-अमरावती-नागपूर-कामठीच्या संघांची दर वर्षी न चुकता होणारी लीग हवी. तिच्या विजेत्याला राज्याच्या लीगमध्ये जागा हवी, तिथून वर वाट हवी आणि वरच्या शेवटच्या संघाला खाली उतरायची सक्ती हवी. उतरणाऱ्या क्लबला दोन वर्षं आर्थिक आधार द्या, इंग्लंडमध्येही देतात. पण उतरवा. वरची जागा रिकामी झाल्याशिवाय खालच्याला चढता येत नाही, हे एसटीत उभं राहून बडनेरा ते मूर्तिजापूर गेलेल्या कुणालाही कळतं.

आणि आपण? आपण सुपर लीगविरुद्ध दोन रात्री जागलो, कारण तो अन्याय सात हजार किलोमीटरवर होता आणि त्यासाठी फक्त स्टेटस बदलायचं होतं. इथल्या अन्यायासाठी रविवारी सकाळी सहाला उठून जिल्ह्याचा सामना बघायला जावं लागतं. मागच्या महिन्यात मी गेलो. प्रेक्षक अकरा होते. दोन्ही बाजूंचे खेळाडू बावीस.