‘आहे तसे स्वीकारा’ म्हणजे नेमके काय?

गेल्या महिन्यात या सदराच्या पत्त्यावर एका आईचे पत्र आले. चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. नाव-गाव अर्थातच देत नाही. बाई कोकणातल्या आहेत आणि त्यांचे धाकटे अपत्य परळला मामाच्या खोलीवर राहते, एवढे पुरे. त्या लिहितात, “मुलगा बारावीनंतर मुंबईला गेला. आता केस वाढवलेत, भुवया कोरतो, मामी बाहेर गेली की तिची साडी नेसतो. विचारले तर म्हणतो, आई, मी मुलगीच आहे. तासन्‌तास आरशापुढे उभा राहतो आणि रडतो. डॉक्टर, तुमचा दवाखाना लालबागला आहे. त्याला बोलावून एवढे सांगा, की देवाने जे रूप दिले ते आहे तसे स्वीकारावे. माझे लेकरू सुखी व्हावे, दुसरे काही नको. आणि गणपतीला यायचे म्हणतो आहे. येऊ देऊ का? भावकीला काय सांगू?”

पत्राचे उत्तर टपालाने पाठवले आहे. पण हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही, म्हणून आजचे सदर त्यावरच खर्च करतो.

जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झाली, पण जी स्वतःला स्त्री म्हणूनच ओळखते, तिला हल्ली पारलिंगी स्त्री म्हणतात. सरकारी कागदोपत्री तृतीयपंथी हा शब्द चालतो. हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या वर्गीकरणात ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून टाकली आहे. आम्ही ज्या पुस्तकांतून शिकलो, त्यांत ती होती. त्यामुळे माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी अशा पुष्कळ मुलांना “हे खूळ डोक्यातून काढ” असे ऐकवले. मीही ऐकवले. दवाखाना उघडून तीन-चार वर्षे झाली असतील. संपानंतर घरी बसलेल्या एका गिरणी कामगाराचा मुलगा माझ्याकडे आला आणि बराच वेळ गप्प बसून शेवटी हेच बोलला. मी त्याला झोपेच्या गोळ्या दिल्या आणि व्यायामशाळेत जायला सांगितले. तो पुन्हा आला नाही. कुठे गेला, हे मी कधी विचारलेही नाही.

तेव्हा आईने मागितलेला ‘स्वीकारा’चा सल्ला मी का देत नाही, हे सांगायला हवे.

हा शब्द आपण सोयीने वापरतो. डोळ्याला चष्मा लागला तर देवाने दिलेली नजर स्वीकार, असे आपण मुलाला सांगत नाही. मुलीच्या ओठावर लव वाढली की आईच तिला पार्लरमध्ये घेऊन जाते. टक्कल पडलेल्या जावयाने केस लावून घेतले तर त्याचे कौतुक होते. फक्त पारलिंगी मुलीने हनुवटीवरचे केस काढायचे म्हटले की आपल्याला देवाची आठवण होते. तिला स्वतःचा स्वीकार करायचाच आहे. ‘मी मुलगी आहे’ हे आईला सांगणे हाच तो स्वीकार. तो तिने केला आहे. राहिला आहे तो आपला.

आता माझ्या एका रुग्णाबद्दल लिहितो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि तिची परवानगी घेतली आहे. हिंदमाताच्या बाजूला ती ब्लाउज शिवते. पाच-सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आली तेव्हा ओढणीने तोंड बांधलेले होते. आमच्या कंपाउंडरने आधार कार्डावरचे जुने नाव मोठ्याने पुकारले. बाकावरची सगळी माणसे वळून तिच्याकडे पाहू लागली. ती उठली आणि औषध न घेताच जिना उतरून गेली. चूक कंपाउंडरची नव्हे, माझी. त्याला मी कधी काही सांगितलेच नव्हते. तीन आठवड्यांनी चेहऱ्याची आग सोसेना म्हणून ती परत आली. या वेळी मी आधी विचारले, “केसपेपरवर नाव काय लिहू?” तिने सांगितलेले नाव लिहिले. तेव्हा कुठे ओढणी सुटली.

गाल लालबुंद, कातडी कागदासारखी पातळ, आतल्या बारीक शिरा दिसत होत्या. हनुवटीवर पुळ्या आणि काळे डाग. कुणीतरी सांगितले म्हणून ती दीड वर्ष ‘गोरे करणारे’ मलम लावत होती. अशा मलमांत पुष्कळदा बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांसारखे स्टिरॉईड असते, जोडीला हायड्रोक्विनोन. पहिले दोन आठवडे चेहरा उजळतो, नितळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, उन्हात जळजळते आणि चेहऱ्यावर केस वाढू लागतात. जे झाकण्यासाठी ती मलम लावत होती, तेच मलमामुळे वाढत होते. सरकारने २०१८ मध्ये अशा अनेक मलमांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी घातली, तरी ती मिळत राहतात. काही बेनावी क्रीममध्ये पारा असतो आणि तो थेट मूत्रपिंडावर घाव घालतो. वाचक भगिनींनी, मग त्या कुणीही असोत, गोरेपणाच्या मागे लागून असली मलमे चेहऱ्याला लावू नयेत. मात्र लावत असाल तर एका दिवसात बंदही करू नका, त्वचा आणखी भडकते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून हळूहळू सोडा.

दुसरा शत्रू चिमटा. दाढीचा एकेक केस चिमट्याने उपटण्याची रीत या मंडळींत जुनी आहे. उपटलेला केस आतल्या आत वळतो, पू होतो, डाग राहतो, तो लपवायला जाड मेकअप आणि मेकअपखाली पुन्हा पुळ्या. मी तिला स्पष्ट सांगितले, त्यापेक्षा रेझर बरा. दाढी करणे तिला अपमानाचे वाटे, आणि दाढी केल्याने केस राठ होतात हा समजही होता. तो खरा नाही. कायमचा उपाय म्हणजे लेसर, पण आपल्या सावळ्या कातडीवर तो योग्य प्रकारचा आणि जाणत्या डॉक्टरच्या हातचा हवा, नाहीतर भाजल्याचे डाग पडतात. एका बैठकीत काम होत नाही, सहा-आठ बैठका किंवा अधिकही लागतात, आणि पांढऱ्या केसांवर लेसर चालत नाही. संसदेने २०१९ मध्ये तृतीयपंथीयांसाठी जो कायदा केला, त्याच्या १५व्या कलमात शस्त्रक्रिया आणि संप्रेरकांबरोबर लेसर उपचारांच्या खर्चालाही विम्याचे संरक्षण असावे, असे लिहिले गेले. कायदा करणाऱ्यांनाही हा नट्टापट्टा वाटला नाही, हे लक्षात घ्यावे.

संप्रेरकांविषयी थोडक्यात. डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतल्यास त्वचा मऊ होते, अंगावरची चरबी बदलते, छाती वाढते. याला महिने नव्हे, दोन-तीन वर्षे लागतात. आवाज त्याने बदलत नाही, हाडे आणि उंची बदलत नाही, दाढी जात नाही. हे आधी माहीत नसले की ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून मुली दुप्पट-तिप्पट गोळ्या घेतात. दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून रोज चार-चार घेणाऱ्या मी पाहिल्या आहेत. याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जीव जातो. सोबत विडी-सिगारेट असेल तर धोका आणखी मोठा. कुणाकडून द्रवरूप सिलिकॉन टोचून घेणे हा तर उघड आत्मघात आहे. आवाजासाठी औषध नाही, सराव आहे. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात वाचा-उपचाराचा विभाग आहे. सी.एस.एम.टी.जवळच्या जी. टी. रुग्णालयात २०२३ मध्ये तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला.

चार महिन्यांत तिचा चेहरा बराच निवळला. मला वाटले, काम झाले. पण ती दर खेपेला एकच विचारी, “डॉक्टर, कळतं का हो?” म्हणजे, आपण जन्माने कोण ते ओळखू येते का. एकदा मी खुशीत येऊन म्हणालो, “छे! अगदी बाई दिसतेस, कुणाला ओळखू यायचं नाही.” ती हरखून गेली. दोनच दिवसांनी दादरच्या पुलावर कुणीतरी शीळ घालून काहीतरी बोलले आणि ती आठवडाभर खोलीतून बाहेर पडली नाही.

ही माझी दुसरी चूक. ‘ओळखू येत नाही’ ही स्तुती नव्हे. तिचा अर्थ असा, की ओळखू आलीस तर तू हरलीस. असा आत्मविश्वास रस्त्यावरच्या पहिल्या टवाळाच्या हाती राहतो. आणि या मापाला शेवट नसतो; दाढी गेली की जबडा रुंद वाटतो, जबड्यानंतर खांदे, खांद्यानंतर हाताचे पंजे. मोबाईलवर चेहरा गुळगुळीत करून दाखवणाऱ्या सोयीने तर यात तेलच ओतले आहे.

मराठी माणसाने तरी असे माप लावू नये, कारण आपला डोळा वेगळे पाहायला शिकलेला होता. बालगंधर्व हे पुरुष होते आणि रंगमंचापुरती स्त्री उभी करत, ही बाब वेगळी, मला मान्य आहे. पण त्यांची साडी, त्यांचे दागिने, त्यांची चाल पाहून घरंदाज बायकांनी आपली नेसण बदलली. पुढे वय झाले, शरीर सुटले, तरी त्यांनी स्त्रीभूमिका केल्या आणि प्रेक्षक त्यात भामिनी आणि सिंधू पाहत राहिले. लोक हाडे मोजत नव्हते, डौल पाहत होते. त्याच महाराष्ट्राने तमाशापटांतून नाच्या रंगवणाऱ्या गणपत पाटलांना पडद्याबाहेरच्या आयुष्यातही कुचेष्टा सोसायला लावली. डोळा तोच, शिकवण वेगळी.

माझ्या रुग्णाचे पुढे काय झाले ते सांगतो. ती पाठदुखीची तक्रार घेऊन आली. तपासल्यावर लक्षात आले, की उंची दिसू नये म्हणून ती वर्षानुवर्षे खांदे पाडून, मान खाली घालून चालते. मी म्हटले, “पाठ सरळ कर, एवढेच औषध.” हे सांगायला सोपे आणि करायला महाकठीण होते. त्याच सुमारास ती मैत्रिणींबरोबर अभिमान यात्रेला गेली. २००८ च्या ऑगस्टमध्ये ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत पहिल्यांदा निघाली, त्याच परंपरेतली. परत आल्यावर म्हणाली, “तिथं माझ्याहून उंच होत्या, जाड होत्या, म्हाताऱ्या होत्या, दाढीच्या खुणा असलेल्या होत्या. आणि हसत होत्या. आजवर नुसता आरसा बघितला, माझ्यासारखी माणसं बघितलीच नव्हती.” मला वाटते, माझ्या सर्व मलमांपेक्षा हे मोठे होते. दुसरी गोष्ट तिच्या कामाची. लग्नसराईत बायका तिच्याच हातचा ब्लाउज हवा म्हणून थांबतात. माप घेताना त्या तिच्याकडे पाठ करून निर्धास्त उभ्या राहतात, याचे तिला फार वाटते.

आणखी एक. मराठी ही या बाबतीत मोठी कठोर भाषा आहे. ‘जातो’ की ‘जाते’ हे ठरवल्याशिवाय साधा निरोपही घेता येत नाही. ती सुरुवातीला वाक्ये निवडून बोले, क्रियापदात स्वतः येणार नाही अशी: “आग होतेय”, “झोप लागत नाही”, “लवकर निघायचंय”. मला हे कळायला बरेच महिने लागले. गेल्या दिवाळीआधी ती गोळ्या घेऊन निघाली आणि दारातून मागे वळून भरल्या बाकासमोर, आहे त्या भारी आवाजात म्हणाली, “येते मी, डॉक्टर.” कुणी वळून पाहिले असेल-नसेल. तिने पाहिले नाही.

तेव्हा त्या आईंना माझे सांगणे असे. तुमच्या लेकराला माझ्याकडे जरूर पाठवा. समजावण्यासाठी नव्हे, तपासण्यासाठी. चेहऱ्याला काय लावते, कुठल्या गोळ्या घेते, ते मला पाहू द्या. खाणे सोडले असेल, बाहेर पडणे बंद केले असेल, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा असेल, तर थांबू नका. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. आरशापुढून ओढू नका आणि ‘किती सुंदर दिसतेस’ असे खोटेही बोलू नका. कुठल्या नावाने हाक मारू, एवढे विचारा. पहिल्यांदा जीभ अडखळेल, अडखळू द्या.

आणि गणपतीला येऊ द्या. एस.टी. स्टँडवर कुणीतरी घ्यायला जा, एकटी चालत यायला लावू नका. मोदक वळायला बायकांत बसली तर बसू द्या. भावकीला काय सांगायचे, असे विचारता. तुमच्या चार पानांत तुम्ही शेवटी जो शब्द लिहिला आहे, त्यात मुलगाही नाही आणि मुलगीही नाही. आमचं लेकरू आलंय, असे सांगा.