पोस्टरच्या तळाशी

मुंबईत भरणाऱ्या लोलापलूझा या संगीत महोत्सवाच्या पोस्टरवर नावं उतरत्या आकारात छापलेली असतात. २०२५च्या पोस्टरवर सगळ्यांत वर ग्रीन डे आणि शॉन मेंडिस ठळक होते, मग मधली फळी, आणि खाली चष्मा काढून-घालून वाचावी लागतील अशी नावं. ही खालची नावं वाचूनही माझ्यासारख्याला काही उलगडा होत नाही. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मी जातो ते या खालच्या मंडळींसाठी. वरच्यांची गाणी मोबाइलवर, रिक्षात, लग्नाच्या हॉलात कुठेही कानावर पडतातच.

माझा भाचा एका बँडमध्ये बेस वाजवतो. त्याचा नियम कडक आहे. ‘मामा, दुपारी दोनला पोचायचं. सात वाजता येणारे लोक अर्धं तिकीट दान करतात.’ तिकीट हजारांत असताना हे दान करणारे इतके निघतात, याचं मला नवल वाटतं. दुपारी मैदान मोकळं असतं. रात्री दहाला उघड्यावरचे भोंगे बंद करावे लागतात, त्यामुळे दोन दिवसांत इतके बँड बसवायचे तर मंचही चार लागतात आणि सुरुवातही भर उन्हात करावी लागते. ते ऊन अर्थातच ज्यांचं नाव झालेलं नाही त्यांच्या वाट्याला येतं. २०२५ला तर मार्चमधली मुंबई, डोक्यावर झाड नाही. सावली एकच, ध्वनिनियंत्रणाच्या मचाणामागे पडते ती. जाणकार तिथे ओळीनं उभे असतात आणि सूर्य सरकेल तसे सरकत राहतात. शिवाय आवाजही तिथेच सगळ्यांत नेटका, कारण तो जुळवणारा माणूस त्याच मचाणावर बसून कानानं ठरवत असतो. मंचाला चिकटून उभं राहणाऱ्यांना बहुधा छातीत ढोल तेवढा ऐकू येतो.

अनोळखी बँड ऐकताना एक गोष्ट घडते. आपल्या आवडीचं गाणं कधी येणार, याची वाट पाहायची सोय नसते. मग लक्ष भलत्याच ठिकाणी जातं. ड्रमर डाव्या हातानं काय करतोय, बेस कुठे गप्प बसतो, गायक शब्द संपल्यावर माइकपासून किती लांब जातो. सेऊलहून आलेला ‘वेव्ह टू अर्थ’ हा बँड मी असाच ऐकला. संथ, जॅझकडे झुकणारे स्वर, काही गाणी इंग्रजीत आणि काही कोरियनमध्ये. माझ्या आजूबाजूच्या पोरी कोरियन ओळीसुद्धा पाठ असल्यासारख्या म्हणत होत्या. म्हणजे अनोळखी तो फक्त मला होता! भाचा मात्र गाण्याकडे नाही, बेसवाल्याच्या बोटांकडे डोळे लावून बसला होता.

मिनियापोलिसच्या कोरी वाँगच्या वेळी तर गंमतच झाली. हा गिटारवादक प्रसिद्ध आहे तो उजव्या हातासाठी. सोलो सुरावटींपेक्षा तालाची गिटार तो पुढे आणतो, आणि ती इतकी काटेकोर की मनगटात घड्याळ बसवलंय असं वाटावं. समोर लोक नाचत होते. मागे मात्र पंधरा-वीस जण हाताची घडी घालून, कपाळाला आठ्या पाडून उभे. मला वाटलं, यांना आवडलेलं दिसत नाही. भाचा म्हणाला, ‘हे सगळे गिटारिस्ट आहेत.’

तेव्हापासून माझी एक समजूत पक्की होत चालली आहे. महोत्सवात नवा बँड ‘सापडला’ असं आपण श्रोते म्हणतो, पण आपलं सापडणं दोन आठवडे टिकतं. खरा शोध लागतो तो त्या आठ्या पाडलेल्या मंडळींना, आणि तो या शहरात नव्वद वर्षं चालू आहे.

१९३५मध्ये ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन आला. पाठोपाठ ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आला, शिकागोत नाव कमावलेला पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. ताजच्या बॉलरूममध्ये नाचायला येणारे संस्थानिक आणि साहेब त्या संगीताचं पुढे काय करणार होते? ते नाचले आणि घरी गेले. पण वाद्यवृंदात गोव्याचे वादक होते. कुडचडेचे फ्रँक फर्नांड वेदरफोर्डच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत. पुढे ते हिंदी चित्रपटांत संगीतकारांचे साहाय्यक झाले आणि ‘आमचें नशीब’, ‘निर्मोण’ हे कोंकणी चित्रपट त्यांनी काढले. हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ लुई आर्मस्ट्राँगच्या प्रेमात होते आणि चिक चॉकलेट या नावानं ओळखले जात. ते पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले आणि १९५१च्या ‘अलबेला’त आपल्या बँडसकट पडद्यावरही आले. ताजची पायरी कधी न चढलेल्या गिरगावातल्या चाळींनी ते संगीत रेडिओवर ऐकलं, गुणगुणलं, गणपतीच्या मेळ्यांत वाजवलं. ते कुठून आलं, हे कुणी विचारलं नाही.

जॅझ यात्रा या महोत्सवाचे दिवस तर मला स्वतःला आठवतात. निरंजन झवेरींनी १९७८ साली ती सुरू केली, धोबीतलावच्या रंगभवनात. पहिल्याच यात्रेला सॉनी रोलिन्स हा थोर सॅक्सोफोनवादक आला होता. त्याला मुंबई नवी नव्हती. साठच्या दशकाच्या अखेरीस वाजवणं बाजूला ठेवून तो काही काळ पवईच्या एका आश्रमात राहिला होता. आम्ही कॉलेजकुमार नंतरच्या यात्रांना जाऊ लागलो, तेव्हा रोलिन्सएवढं नाव असलेलं कुणी येवो न येवो, युरोपातले बँड येत. त्यांची नावं आम्हाला धड उच्चारता यायची नाहीत, कार्यक्रमपत्रिकेवर बोट ठेवून आम्ही ‘हे, हे’ असं म्हणायचो. उघडं नाट्यगृह, दगडी पायऱ्यांवर बसलेले लोक, आणि मध्येच एखादा साठीचा गोवेकर सद्‌गृहस्थ उठून वादकाशी बोलायला मंचामागे जायचा. पुढे शांतता क्षेत्राचा नियम आला. शेजारी रुग्णालयं आणि कॉलेज, त्यामुळे रंगभवनातलं संगीत बंद पडलं. रुग्णांच्या बाजूनं नियम बरोबर आहे. पण पायी जाता येईल असं, परवडणारं उघडं नाट्यगृह दक्षिण मुंबईला त्यानंतर लाभलं नाही, हेही खरंच.

रेसकोर्सवर आज तो गोवेकर कसा येईल, हा माझा प्रश्न आहे. एक उत्तर मला तिथेच मिळालं. भाच्याच्या बँडचा ड्रमर तिकीट काढून आलाच नव्हता. तो कामाला होता. एका बँडचं वाजवून झालं की त्यांचे ड्रम उचलायचे, दुसऱ्याचे मांडायचे, झांजांचे स्टँड आखून दिलेल्या खुणांवर ठेवायचे. पाणी पिण्यापुरती उसंत. पण मंचाच्या कडेला, ड्रमरपासून चार हातांवर तो दोन्ही दिवस उभा होता. हजारो रुपये मोजलेल्या कुणालाही ती जागा मिळाली नाही. फ्रँक फर्नांडही ताजमध्ये पाहुण्यांच्या दारानं आत गेले नव्हते.

महिनाभरानं त्यांची तालीम ऐकायला गेलो. भांडुपला गाळ्यातली खोली, भिंतींना फोम, पंखा बंद, कारण त्याचा आवाज माइकमध्ये येतो. जुनंच मराठी गाणं वाजवत होते, पण ड्रमरचा हात बदलला होता. ठोके कमी झाले होते, मधल्या जागा वाढल्या होत्या आणि बेस त्या जागांत नेमका शिरत होता. मी म्हणालो, ‘हे त्या कोरियन पोरांचं आहे ना रे?’

भाच्यानं वर न बघता बेसची तार पिळली. ‘नाही हो मामा. आमचंच आहे.’