जुने चित्रपट पुन्हा काढावेत का?

घरात टीव्हीवर एखादा कृष्णधवल चित्रपट लागला की काय होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. आजोबा खुर्ची पुढे ओढतात आणि तुम्ही रिमोट शोधू लागता. "यात रंग नाहीत, सगळे किती सावकाश चालते," असे तुमचे म्हणणे. "असे चित्रपट आता होणे नाही," असे त्यांचे म्हणणे. मग एखाद्या दिवशी बातमी येते की एक जुना, गाजलेला चित्रपट नव्या नटांना घेऊन पुन्हा निघणार आहे. तुम्ही खूश होता. आजोबा मात्र म्हणतात, "आता त्याची वाट लावतील!"

खरे कोणाचे? माझे मत सांगण्यापूर्वी मी तुम्हाला तुमच्या ओळखीच्या एका गोष्टीची आठवण करून देतो. तरही मुशायरा कसा असतो, हे तुम्ही ऐकले असेल. त्यात शायरांना आधी एक मिसरा दिला जातो. वजन, काफिया आणि रदीफ सगळ्यांना एकच. गझलेच्या या बांधणीला उर्दूत 'जमीन' म्हणतात. त्याच जमिनीवर प्रत्येक शायर स्वतःची गझल रचतो. ही जमीन तर दुसऱ्याची आहे, अशी तक्रार कोणी श्रोता करीत नाही. पण एखाद्याने दुसऱ्याचा शेर दोन शब्द बदलून आपला म्हणून वाचला, तर लोक त्याला मंचावर टिकू देतील का? चित्रपटांनाही मी हाच नियम लावतो. जमीन घ्यावी, शेर घेऊ नये.

अनारकलीचेच उदाहरण पाहा. हे नाव घेतले की सर्वांना के. आसिफ यांचा 'मुघल-ए-आझम' आठवतो. तो १९६० साली आला. पण अनारकलीची कथा पडद्यावर आणणारे आसिफ हे पहिले नव्हेत. इम्तियाज अली ताज यांनी १९२२ साली 'अनारकली' हे उर्दू नाटक लिहिले. १९२८ साली याच कथेवर मूकपट निघाला. त्यात सुलोचना या नटीने अनारकलीचे काम केले. १९३५ साली तीच कथा बोलपट होऊन आली, तेव्हाही अनारकली सुलोचनाच होत्या. १९५३ साली पुन्हा 'अनारकली' निघाला. या वेळी बीना राय अनारकली झाल्या आणि सुलोचना झाल्या सलीमची आई! (या सुलोचना म्हणजे मराठी चित्रपटांतल्या सुलोचनाबाई नव्हेत. यांचे मूळ नाव रूबी मायर्स.) अनारकलीच्या कथेला इतिहासात भक्कम पुरावा नाही, ही गोष्ट वेगळी.

"आता पुरे झाली अनारकली," असे तेव्हा कोणी आसिफसाहेबांना म्हटले असते आणि त्यांनी ते ऐकले असते, तर आपले केवढे नुकसान झाले असते! त्यांनी नवे काय केले, ते चित्रपटाच्या नावातच आहे. नाव अनारकलीचे नाही, बादशहाचे आहे. एका बाजूला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला तख्त, यांच्यामध्ये सापडलेला बाप त्यांनी मधोमध उभा केला. पृथ्वीराज कपूर यांचा अकबर पाहताना त्याचा राग येतो आणि दयाही येते. जमीन जुनीच होती, गझल मात्र आसिफ यांची होती.

याहून चांगले उदाहरण मेहबूब खान यांचे आहे. त्यांनी स्वतःचाच चित्रपट पुन्हा काढला. १९४० साली त्यांनी 'औरत' काढला. कर्जात बुडालेले शेतकरी कुटुंब, निघून गेलेला नवरा, गिळायला बसलेला सावकार आणि मुलांसाठी नांगर ओढणारी आई, अशी ती कथा. आईचे काम सरदार अख्तर यांनी केले होते. सतरा वर्षांनी, १९५७ साली, मेहबूब यांनी हीच कथा 'मदर इंडिया' या नावाने रंगीत काढली. आई झाल्या नर्गिस. सावकार सुखीलालाचे काम मात्र दोन्ही वेळा कन्हैयालाल यांनीच केले. दोन्ही चित्रपटांच्या संवादांना वजाहत मिर्झा यांचीच लेखणी होती. दुसऱ्या वेळी अली रझा त्यांच्या जोडीला होते.

मग बदलले काय? देश बदलला. 'औरत' निघाला तेव्हा आपल्यावर इंग्रजांचे राज्य होते. 'मदर इंडिया'च्या सुरुवातीला गावात नवा कालवा आलेला दिसतो आणि त्याचे उद्घाटन करायला म्हाताऱ्या राधेला बोलावतात. तो कालवा पाहतानाच तिला आपले सारे आयुष्य आठवू लागते. म्हणजे एका आईची कथा आता एका देशाची कथा झाली. नावाचीही एक गंमत आहे. कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईंनी १९२७ साली 'मदर इंडिया' नावाचे पुस्तक लिहून भारतीय समाजाची फार बदनामी केली होती. मेहबूब यांनी तेच नाव उचलले आणि त्याचा अर्थच उलटा करून दाखवला. विदेशी चित्रपटांसाठीच्या ऑस्करच्या अंतिम यादीत पोहोचलेला हा पहिला भारतीय चित्रपट. शाळेचे शिक्षण फारसे न मिळालेल्या माणसाने हे केले, हे ध्यानात ठेवा.

आता दुसरी बाजू. १९७५ सालचा 'शोले' तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. २००७ साली राम गोपाल वर्मा यांनी तो 'आग' या नावाने नव्याने काढला. गाव जाऊन शहर आले. गब्बरचा बब्बन झाला आणि त्या भूमिकेत होते अमिताभ बच्चन, म्हणजे मूळ चित्रपटातला जय! एवढे करूनही प्रेक्षकांनी पाठ फिरवली. का? माझ्या मते त्यात सांगण्यासारखे नवे काही नव्हते. नावे बदलली, जागा बदलली, पण पाहणाऱ्याच्या मनात सतत जुना प्रसंग, जुना संवाद वाजत राहिला. दुसऱ्याचा शेर दोन शब्द बदलून वाचला की असेच होते. तसे पाहिले तर 'शोले'सुद्धा उसनवारीपासून मोकळा नाही. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९५४ सालच्या 'सेव्हन सामुराई'ची सावली त्यावर आहे. पण सलीम-जावेद यांनी ती कथा अशी आपल्या मातीत रुजवली की रामगढ परके वाटत नाही.

'देवदास'बद्दल माझे मन थोडे दोन्हीकडे ओढले जाते. शरदबाबूंच्या या कादंबरीवर १९३५ साली प्रमथेश बरुआ यांनी बंगालीत चित्रपट काढला आणि पुढच्या वर्षी सैगल यांना घेऊन हिंदीत काढला. तेव्हा कॅमेऱ्यामागे उभे होते बिमल रॉय. पुढे १९५५ साली त्यांनीच दिलीपकुमार यांना घेऊन नवा 'देवदास' केला. तो मला फार आवडतो. २००२ सालच्या संजय लीला भन्साळी यांच्या चित्रपटात मात्र महाल, झुंबरे आणि दागिने इतके आहेत की त्या गर्दीत देवदासचे दुःख मला शोधावे लागले. कादंबरीत पारो आणि चंद्रमुखी यांची भेटही होत नाही; इथे त्या एकत्र नाचतात. पण एक कबूल केले पाहिजे. भन्साळी यांनी नक्कल केली नाही. जे केले ते त्यांचे स्वतःचे आहे. आवडणे न आवडणे हा पुढचा प्रश्न.

लोक म्हणतात, "पुन्हा काढल्यामुळे जुना चित्रपट जिवंत राहतो." हे मला अजिबात पटत नाही. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला. अर्देशीर इराणी यांनी तो काढला होता. पुढे त्याच नावाने १९५६ साली आणि १९७३ साली पुन्हा चित्रपट निघाले. आणि मूळ 'आलम आरा'? त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ज्या चित्रपटात आपला पडदा पहिल्यांदा बोलला, त्यातला एक शब्दही आपल्याला ऐकता येत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली; तोवर किती तरी फिती खराब झाल्या होत्या. नव्या चित्रपटावर कोट्यवधी रुपये खर्च होतात. त्यातला थोडा भाग जुन्या फिती दुरुस्त करण्यावर खर्च व्हावा, असे मला फार वाटते. नातू आजोबांसारखा दिसतो म्हणून कोणी आजोबांचा फोटो फेकून देत नाही.

'मुघल-ए-आझम' २००४ साली संपूर्ण रंगीत करून पुन्हा लावला, तेव्हा नव्या पिढीने रांगा लावल्या. मला कृष्णधवलच बरा वाटतो. मूळ चित्रपटात शीशमहालातले गाणे एकाएकी रंगांत उजळते. सगळेच रंगीत झाल्यावर ती जादू कुठली? तरीही संवाद तेच राहिले, आवाज तेच राहिले, ही त्यातली चांगली गोष्ट. ती भाषा ऐकताना इतर मुलांना शब्दकोश लागतो. तुम्हाला लागत नाही, ही तुमची केवढी कमाई आहे!

आणि आता मराठीकडे येऊ. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलेच राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले. वनमाला यांनी केलेली आई लोकांच्या मनात अशी बसली की त्या कथेला पुन्हा हात लावण्याची हिंमत कोण करणार, असे वाटे. २०२३ साली सुजय डहाके यांनी ती केली, आणि रंगांचा जमाना असूनही आपला चित्रपट मुद्दाम कृष्णधवल ठेवला. त्यांचा चित्रपट अत्र्यांच्या तोडीचा आहे की नाही, हे मी तुम्हाला सांगणार नाही. आधी पुस्तकातल्या चार-पाच 'रात्री' वाचा, मग दोन्ही चित्रपट पाहा. दोन्हींतल्या आईमध्ये तुम्हाला कोणता फरक दिसला, ते मराठीत दहा ओळींत लिहून माझ्याकडे आणा. व्याकरणाच्या चुका मी नंतर पाहीन.